पाटावरची मोटार

मी बायकोची मोटार तिला न विचारता साडूंना कापायला देऊन टाकली. चूक झाली. पण ज्या माणसाला दिली तो माणूस तुम्हाला माहीत असता तर तुम्हीही दिली असती. नुसती मोटार काय, राहता फ्लॅट, बोटातली अंगठी, झालंच तर एखादं मूत्रपिंडसुद्धा बिनधास्त देऊ केलं असतं. कारण आमचे साडू हे या भूतलावरचे एकमेव गृहस्थ आहेत, की ज्यांना काहीही देऊ केलं तरी ते घ्यायचं की नाही हे त्यांचं ठरेपर्यंत देणाऱ्याचं आयुष्य सुखात पार पडतं. पुण्यात विचार करणाऱ्यांची वाण नाही. कट्ट्याकट्ट्यावर विचार चाललेला असतो. पण ती मंडळी दुसऱ्यांनी काय करावं याचा विचार करतात, त्यामुळे त्यांचं पटकन ठरतं. साडू स्वतः काय करावं याचा विचार करतात, आणि तिथेच सगळं अडतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. त्यांची सगळी नोकरी चिंचवडच्या बाजूच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात गेली. लोकांनी बनवून आणलेले सुटे भाग मोजायचे, उजेडाकडे धरायचे, कानाशी वाजवून बघायचे आणि केसाइतका फरक निघाला तरी नापास करायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखान्याने त्यांना सोडलं, पण त्यांनी तपासणी सोडली नाही. हॉटेलात ते मेनूकार्ड कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचतात, पार्किंगच्या जबाबदारीबद्दलच्या तळटीपेपर्यंत जातात, पुन्हा सुपापाशी येतात, आणि आमची जेवणं होऊन बडीशेप आली की म्हणतात, "तुम्ही मागवलं होतं तेच सांगा." लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात त्यांनी नव्या चपला पायात घालून इतक्या फेऱ्या मारल्या, की दुकानदाराने गल्ल्यावरून मान वर न करता विचारलं, "काका, घालून बघताय की झिजवून बघताय?" साडूंनी या प्रश्नाचाही विचार केला आणि चपला परत ठेवल्या. लग्नातही हेच. ताईंना पाहायला ते तीनदा आले. पहिल्या वेळी पोहे झाले, दुसऱ्या वेळी उपमा झाला, तिसऱ्या वेळी नुसता चहा. होकार सांगायला ते पुन्हा आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी दारातच विचारलं म्हणे, "अजून बघायचीय का?"

यातून साडूंनी आपली एक पद्धत बसवली. कोणतीही वस्तू घ्यायची झाली की आधी ती खऱ्या मापाने जमिनीवर खडूने आखायची आणि काही दिवस तिच्याबरोबर राहून बघायचं. त्यांचा मोठा फ्रिज असाच आला. म्हणजे अजून आला नाही, पण स्वयंपाकघरात त्याची चौकट कित्येक महिने होती. ताई बिचाऱ्या पोळ्या करता करता तिला वळसा घालत, लादी पुसताना तेवढी जागा सोडत. एकदा मी पाणी प्यायला सरळ आत चालत गेलो, तर ताई लाटणं तसंच हातात धरून म्हणाल्या, "अहो, फ्रिजमध्ये पाय दिलात." मी मुकाट्याने बाहेर आलो आणि दार उघडून आत गेलो. काय करणार, त्या घरात तसंच असतं. दिवाणखान्यात एका कोपऱ्यात सोफा आखलेला होता. त्यावर कोणी बसत नसे, पण त्यावरून कोणी चालतही नसे.

अशा माणसाने एके दिवशी मला फोनवर एका मोटारीचं चित्र दाखवलं. विलायतेतली जुन्या काळची उघडी दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार. वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, बुटकी आणि भलतीच देखणी. खरी गाडी आता फक्त संग्रहालयांत आणि गडगंज लोकांकडे सापडते. पण दक्षिणेतला कोणी एक कारखानदार तिच्या हुबेहूब आकाराची फायबरची बॉडी आणि लोखंडी सांगाडा करतो आणि खोक्यांत घालून घरी पाठवतो. इंजिन, गिअर, स्टिअरिंग, चाकं ही एखाद्या जुन्या गाडीतून काढायची आणि आपणच आपली जोडायची. मी म्हटलं, "म्हणजे काड्या आणि कागद आणून आकाशकंदील करतो तसं?"

"अगदी तसंच," साडू म्हणाले. "फक्त हा आतून पेटला नाही पाहिजे."

मग ते सुस्कारा टाकून म्हणाले, की करावी की न करावी हा पुढचा प्रश्न, मुळात कापायला एखादी जुनी गाडी तर हवी. समोर ताईंची कांदाभजी होती, बाहेर छान वारा सुटला होता, आणि मला उदार व्हायची हुक्की आली. मी म्हटलं, आमची खाली उभीच आहे की, ती घ्या. आमची म्हणजे हिची. ती वारज्याला साडूंच्या सोसायटीत उभी असण्याचं कारण असं, की नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत माणसांनाच जेमतेम जागा आहे. त्यामुळे आम्हाला कोथरूडला जायचं झालं तर आम्ही आधी बसने कोथरूडवरून वारज्याला जातो, तिथून गाडी घेतो आणि मोठ्या ऐटीत कोथरूडला परत येतो. ही गाडी हिने स्वतःच्या पगारातून घेतलेली. पन्नाशी उलटल्यावर ही जिद्दीने चालवायला शिकली. मीही बरोबरच शिकायला लागलो होतो, पण माझं शिक्षण एका दूधकेंद्राच्या पायरीवर थांबलं. ही मात्र एक दिवस एकटीच साताऱ्यापर्यंत गेली आणि तिथून फोन करून फक्त "पोचले" म्हणाली. त्या एका शब्दात जो तोरा होता तो मी अजून विसरलेलो नाही. अशी ती गाडी. पण साडूंचं काही ठरणार नाही हे मला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं माहीत होतं. देऊन टाकली. घरी हिला सांगायची गरजही वाटली नाही. घडायचंच नव्हतं ते सांगायचं काय?

दुसऱ्या दिवशी साडूंनी खाली पार्किंगमध्ये, हिच्या गाडीशेजारच्या आपल्या जागेत, नवी गाडी आखली. खऱ्या मापाने, दिव्यांसकट, दारांसकट. ही गाडी जमिनीपासून वीतभर उंचीवर असते आणि आत पाय लांब करून बसावं लागतं, म्हणून सीटच्या जागी ताईंचे दोन पाट मांडले. स्टिअरिंगला स्टीलचं ताट. उजव्या पाटावर साडू, डाव्यावर मी. पहिले काही दिवस मी त्या गाडीतून जन्मात हिंडलो नव्हतो इतका हिंडलो. रोज संध्याकाळी एक सहल. पसरणीचा घाट आम्ही पाटावर बसून चढलो. वळण आलं की साडू आधी सूचना देत आणि आम्ही दोघेही एकदम डावीकडे झुकत असू. कोकणात उतरताना ते ब्रेक इतक्या काळजीने दाबत, की माझेही पाय आपोआप ताठ व्हायचे. फक्त स्वारगेटला ते फार वेळ थांबायचे. खडूच्या गाडीतूनसुद्धा त्यांना स्वारगेटचा चौक पटकन ओलांडता येत नसे. एकदा वरच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन येत होत्या. दोन पाट, मधे ताट आणि दोन वयस्क गृहस्थ पाहून त्या थबकल्या आणि अदबीने म्हणाल्या, "कोणाचं काय आहे आज? आम्हाला कळवलं नाहीत." साडूंनी ताट किंचित फिरवून त्यांना वाट दिली.

इथवर सगळं नंदनवन होतं. मग एके संध्याकाळी, माझ्या आठवणीप्रमाणे आम्ही माणगावच्या पुढे होतो, साडू समोर बघत शांतपणे म्हणाले, "बहुतेक करीन म्हणतो."

हा माणूस आयुष्यात कधी 'बहुतेक' म्हणाला नव्हता. त्यांचे शब्द 'बघू', 'पाहू' आणि 'दोन्ही बाजू आहेत'. माझ्या डोळ्यांसमोर शेजारी उभी असलेली हिची लाल गाडी दोन तुकड्यांत दिसू लागली आणि पाठोपाठ मीही तसाच दिसू लागलो. हिला आता सांगणं शक्य नव्हतं, साडूंना नाही म्हणणंही शक्य नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, की त्यांचा विचारच मोडून काढायचा. नाही तरी त्यांना दुसरी बाजू आवडते. मी दुसरी बाजू व्हायचं.

मी पहिला आक्षेप पावसाचा काढला. उघडी गाडी, पुण्याचा पाऊस, भिजून जाल. साडूंचा चेहरा उजळला. पुढच्या संध्याकाळी त्यांनी ताईंना झाडांना पाणी घालायची झारी घेऊन खाली बोलावलं, आम्ही दोघे पाटावर बसलो आणि साडूंनी सांगितलेल्या कोनातून ताईंनी आमच्यावर पाऊस पाडला. समोरची काच खडूची असल्यामुळे आम्ही दोघेही नखशिखांत भिजलो, पण ती किती उंच हवी हे मात्र पक्कं झालं. "एक अडचण सुटली," साडू नाक पुसत म्हणाले. मग मी वेगरोधक काढले. इतकी बुटकी गाडी पुण्याच्या वेगरोधकांवर पोट टेकून बसेल. साडू सोसायटीच्या फाटकातल्या वेगरोधकाशी जाऊन पालथे झोपले आणि एक डोळा मिटून त्याची उंची न्याहाळू लागले. एका स्कूटरवाल्या मुलीने घाबरून गाडी थांबवली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. साडूंनी तिला झोपूनच धन्यवाद दिले आणि स्प्रिंगा जरा उंच घ्यायचं ठरलं. मग मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. ही घरी जोडलेली गाडी. ती रस्त्यावर आणायला परवानगी मिळायची मारामार. उद्या नाहीच मिळाली तर काय करणार? या प्रश्नावर साडूंनी ताट खाली ठेवलं. मी मनातल्या मनात हिची गाडी धुऊनपुसून परत जागेवर उभी केली. मग ते म्हणाले, "रस्त्यावर आणून तरी तिचं करायचं काय? सिग्नलला पहिलं उभं राहायचं? पुण्यात कोणाची गाडी चालते? मित्राची पानशेतला जमीन आहे, तिथे फिरवू."

शेवटी मी वयावर आलो. म्हटलं, रागावू नका, पण या वयात इतक्या खालच्या गाडीत बसणं आणि उठणं गुडघ्यांना झेपणार आहे का? साडूंनी हा मुद्दा फार गंभीरपणे घेतला. पाटावरून ते एका दमात उठून दाखवते झाले. मग मला म्हणाले, आता तुम्ही उठा. मी उठलो नाही. म्हणजे मी प्रयत्न केला. डावीकडून केला, उजवीकडून केला, ताटावर रेटा देऊन केला. शेवटी ताई वरून खाली आल्या आणि त्या दोघांनी मला बगलेत धरून दाराच्या बाजूने गाडीबाहेर काढलं. दाराच्या बाजूनेच, कारण साडूंचा तसा आग्रह होता.

त्या दिवशी ताई वर गेल्यावर मी भिंतीला टेकून कंबर चोळत होतो. साडू पुन्हा आपल्या पाटावर जाऊन बसले आणि ताट मांडीवर घेऊन माझ्याकडे न बघता बोलू लागले. म्हणाले, घरात त्यांच्या विचार करण्याला सगळे हसतात, ते हसण्यासारखं आहे हेही त्यांना ठाऊक आहे. पण मी रोज बसने इतक्या लांब येतो, घरून नवी अडचण घेऊन येतो, हे आजवर त्यांच्यासाठी कोणी केलं नव्हतं. मग म्हणाले,

"साडूभाऊ, जन्मभर लोकांनी केलेल्या वस्तू नापास केल्या. मी स्वतः एक वस्तू केलेली नाही, साधं स्टूलसुद्धा. एकदा काहीतरी करावं आणि आपणच नापास व्हावं, एवढंच आहे. तुम्ही नसता तर मी केव्हाच सोडून दिलं असतं."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो आणि पेठेत उतरेपर्यंत मला स्वतःचा इतका राग येत होता, की कंडक्टरने सुटे मागितले तेव्हा मी त्याची क्षमा मागितली. त्या रात्री हिला सगळं सांगून टाकायचं असं मी पक्कं केलं. मग सकाळी सांगायचं असं पक्कं केलं. दोष साडूंना देतो, पण त्यांचा वाण आणि गुण मला लागायला तेवढे दिवस पुरेसे होते.

आणि रविवार उजाडला. हिला साताऱ्याला मैत्रिणीकडे जायचं होतं, म्हणून आम्ही दोघे गाडी आणायला वारज्याला गेलो. पार्किंगमध्ये शिरलो तर साडूंनी आदल्या दिवशी आपला खडू चालवलेला. या वेळी जमिनीवर नाही, हिच्या गाडीवर. बॉनेटवर तुटक रेघा, छपरावर आडवी रेघ आणि तिच्यापुढे 'इथून'. चाकांवर 'हवं', पुढच्या काचेवर 'विचार चालू', आणि ज्या दारातून ही इतकी वर्षं बसत आली त्या दारावर ठसठशीत अक्षरांत 'नको'. ही गाडीभोवती एक फेरी मारून आली, सगळं वाचलं. तोवर साडू आणि ताई जिन्यातून खाली आले होते.

"भावोजी, हे काय?" हिने विचारलं.

साडू इतक्या निर्मळ आनंदाने हसले की मला भिंतीत शिरावंसं वाटलं. म्हणाले, तुम्ही एवढ्या मोठ्या मनाने गाडी दिलीत, आभार मानायला घरीच येणार होतो, पण काय आणावं हे ठरत नव्हतं. हिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या टाकीच्या झाकणाकडे पाहिलं. आधी ताईंच्या लक्षात आलं, त्यांनी कपाळाला हात लावला. मग साडूंच्या लक्षात आलं. त्यांनी कोपऱ्यातलं फडकं नळाखाली ओलं केलं आणि बॉनेटवरच्या रेघा पुसायला लागले. एकेक रेघ, नीट, कडेपर्यंत, आपल्या हातून ओरखडा राहू नये अशा बेताने. त्यांची पाठ आमच्याकडे होती. इतकं वाईट मला त्या दूधकेंद्राच्या पायरीवरसुद्धा वाटलं नव्हतं.

मग ही म्हणाली, "थांबा भावोजी. मला एक सांगा. तुमच्याकडून होईल ही गाडी?"

"हो."

असं, हां हां म्हणता. ना 'बघू', ना 'पाहू'. ताईंनी जिन्याचा कठडा धरला. लग्न झाल्यापासून इतक्या लवकर आलेलं उत्तर त्यांनी ऐकलं नव्हतं. साडूही जरा दचकले असावेत, कारण फडकं हातात तसंच राहिलं आणि त्यातलं पाणी त्यांच्या चपलेवर ठिबकत होतं.

"मग पुसू नका," ही म्हणाली आणि पर्समधून किल्ली काढून तिने बॉनेटवर ठेवली. तिचा हात किल्लीवर जरा रेंगाळला, ते मी पाहिलं. साताऱ्याला ती एस.टी.ने गेली. मला बसस्टॉपवर तिने एवढंच सांगितलं, की गाडी भावोजींना दिली आहे. तुम्ही दिलीत त्याबद्दल आल्यावर घरी बोलू. आल्यावर आम्ही घरी बोललो. त्यातला माझा भाग फार छोटा होता.

आता शिवण्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये साडूंचं काम चालू आहे. खोकी आली, सांगाडा उभा राहिला, हिच्या गाडीचं इंजिन त्यात मागच्या बाजूला बसलं. हीसुद्धा कधीमधी जाते; परवा तिने स्वतः नट आवळले आणि आल्यावर मला ग्रीसचा हात दाखवला. ताई दिवा धरतात, पाने-पकडी देतात, मापं वाचून दाखवतात. साडू पाठीवर झोपून सांगाड्याखाली असतात आणि आतून नुसता हात बाहेर येतो. विचारलं तर पटकन हो म्हणतात, नाही म्हणतात. चुकतंही खूप. फायबरचं एक दार उलट्या बाजूने घासून ठेवलं त्यांनी, आणि सबंध शेडला ऐकू जाईल असं हसत "नापास" म्हणाले. गाडी पुरी होईल की नाही मला ठाऊक नाही. त्यांनाही नसावं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसावं.

वारज्याच्या पार्किंगमधली खडूची गाडी मात्र पुसली गेली. तिथे आता कोणाची तरी स्कूटर लागते. मी सवयीने संध्याकाळी बस पकडतो, शिवण्याला उतरतो, शेडमध्ये एका उलट्या डब्यावर बसतो. पसरणीचा घाट नाही, माणगाव नाही. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, साडूभाऊ, इंजिन मागे घेतलंत खरं, पण घाट चढताना पुढचं टोक हलकं पडेल, याचा विचार केलात का? खालून ठोकण्याचा आवाज थांबला. साडू सरपटत बाहेर आले, उठून बसले, नाकाला काळं लागलेलं, आणि डोळ्यांत ती जुनी चमक. म्हणाले, हां, याला दोन्ही बाजू आहेत. मी डबा पुढे सरकवला. ते पाना खाली ठेवणार, तोच ताईंनी थर्मासमधला चहा कपात ओतून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या,

"एवढा घ्या आणि निघा तुम्ही. तुम्ही समोर बसलात की हे पुन्हा विचार करायला लागतात."